सामायिक कोठार, मोजक्या वाटा : वाङ्मयीन डेटाबेस आणि जोडणी-संचयाचे व्यवस्थापन

१. प्रास्ताविक

छत्तीसगड आणि मराठी यांचा संबंध अठराव्या शतकापासूनचा आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रदेशावर १८५४ पर्यंत होता. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथून कारभार पाहिला. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे ‘दासबोध’ व टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. त्यांच्या घरची भाषा मराठी आणि काव्याची हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मात्र मराठीतच काव्य आणि समीक्षा लिहिली. याच पट्ट्यात, दुर्गच्या शेजारी, १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि कारखान्याभोवती अनेक प्रांतांतून आलेल्या, अनेक भाषा बोलणाऱ्या लोकांचे नगर वसले.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने असे नगर म्हणजे अभ्यासाचे उत्तम क्षेत्र होय. तथापि तेथील अभ्यासकाला लागणारी साधने तेथे नसतात. मराठी नियतकालिकांचे जुने अंक नागपूर, पुणे, मुंबई येथील ग्रंथालयांत. हिंदी सामग्री रायपूर, जबलपूर, अलाहाबाद येथे. भोसलेकालीन मोडी कागदपत्रे आणखी कोठे तरी. ही अंतरे मिटविण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे आंतरजालावरील सूची आणि संहितासंग्रह. अशा सूचींच्या योजना आखल्या जातात तेव्हा नोंदींचा आकृतिबंध, लिप्यंतराची पद्धत, संपादनाचे निकष यांवर भरपूर चर्चा होते. सूची तयार होते, संकेतस्थळ उघडते. आणि एखाद्या चर्चासत्राच्या दिवशी शंभर-दीडशे विद्यार्थी एकाच वेळी शोध घेऊ लागले की पान रिकामे राहते. दोष आंतरजालाच्या जोडणीला दिला जातो, किंवा संगणक अपुरा आहे असे मानून अधिक क्षमतेचे यंत्र विकत घेतले जाते. नवे यंत्र आल्यावरही पुढच्या चर्चासत्रात तेच घडते.

याचे कारण पुष्कळदा तिसरेच असते. संकेतस्थळामागील आज्ञावली आणि डेटाबेस यांच्यामधल्या वाटा संपलेल्या असतात. या वाटांना ‘जोडण्या’ आणि त्या राखून ठेवण्याच्या व्यवस्थेला ‘जोडणी-संचय’ (रूढ शब्दात ‘कनेक्शन पूल’) असे म्हणता येईल. ही व्यवस्था कशी चालते, ती कोठे मोडते आणि तिच्याविषयीचे निर्णय केवळ तंत्रज्ञांवर सोपविणे साहित्याभ्यासकांना का परवडणारे नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. जोडणी आणि तिची किंमत

एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित डेटाबेसची संकल्पना ज्या निबंधात मांडली, त्याच्या शीर्षकातच माहितीसाठ्याची दोन विशेषणे आहेत : तो मोठा आहे आणि तो सामायिक आहे. मोठेपणाकडे सर्वांचे लक्ष जाते. सामायिकपणाचे परिणाम मात्र उशिरा ध्यानात येतात. ग्रंथालयात एक प्रत एकाच वाचकाच्या हाती असते. डेटाबेसमधील एकच नोंद हजार वाचकांना दाखविता येते; पण ती दाखविण्यासाठी प्रत्येक वाचकाच्या वतीने कोणीतरी कोठारापर्यंत जाऊन यावे लागते. हे जाणे-येणे ज्या वाटेने होते ती जोडणी.

वाचकाच्या संगणकावरील न्याहाळक डेटाबेसशी थेट बोलत नाही. तो संकेतस्थळाच्या सर्व्हरशी बोलतो. तेथील आज्ञावली वाचकाच्या प्रश्नाचे एसक्यूएल भाषेत रूपांतर करते आणि डेटाबेसला विचारते. हे विचारण्यापूर्वी बरेच सोपस्कार असतात. दोन्ही यंत्रांमध्ये टीसीपी या संदेशनियमानुसार तीन संदेशांची देवाणघेवाण होते. संदेश गुप्त ठेवायचे असल्यास कूटलेखनाची बोलणी होतात. नाव आणि संकेतशब्द तपासले जातात. शेवटी डेटाबेस या जोडणीसाठी स्मृतीत जागा राखतो. पोस्टग्रेस ही प्रणाली तर प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र प्रक्रिया सुरू करते; मायएसक्यूएल नेहमीच्या मांडणीत प्रत्येक जोडणीमागे एक धागा चालविते. सूचीतील एक नोंद शोधण्याचे मूळ काम काही सहस्रांश सेकंदांत उरकते. त्याच्या आधीचे हे उपचार पुष्कळदा त्याहून अधिक वेळ घेतात. प्रत्येक प्रश्नासाठी नवी जोडणी उघडायची आणि उत्तर मिळताच ती मोडायची, ही पद्धत वाचक मोजके असताना खपून जाते. वाचक वाढले की डेटाबेसचा बराचसा वेळ स्वागत आणि निरोप यांतच जातो.

३. संचयाची कल्पना : लेडलचे उदाहरण

या अडचणीवरचा उपाय समजण्यासाठी भिलाईसारख्या कारखान्यातील लेडलचे उदाहरण उपयुक्त ठरते. लेडल म्हणजे आतून तापसह विटांचे अस्तर असलेले प्रचंड पात्र. पोलाद तयार झाले की ते लेडलमध्ये ओततात आणि क्रेनने उचलून ओतकामाकडे नेतात. थंड लेडलमध्ये वितळलेले पोलाद ओतले तर पोलादाचे तापमान उतरते आणि अस्तर तडकते. म्हणून लेडल आधी तापवावे लागते, आणि त्यात वेळ व इंधन खर्ची पडते. साहजिकच कारखाना प्रत्येक खेपेला नवे लेडल तापवीत नाही. ठरावीक संख्येची लेडले तापलेल्या अवस्थेत फिरती ठेवली जातात. एक रिकामे झाले की त्यातील मळी काढतात, तळाचे छिद्र आणि अस्तर तपासतात, आणि ते पुन्हा भट्टीखाली येते. काही खेपांनंतर अस्तर झिजते. तेव्हा ते फुटण्याची वाट न पाहता लेडल फेऱ्यातून बाहेर काढून नवे अस्तर लावले जाते.

जोडणी-संचयाचे सर्व नियम या फेऱ्यात दिसतात. आज्ञावली सुरू होतानाच काही जोडण्या उघडून तयार ठेवल्या जातात. वाचकाचा प्रश्न आला की त्यांतील एक उसनी घेतली जाते, प्रश्न विचारला जातो, उत्तर हाती आले की जोडणी न मोडता संचयात परत ठेवली जाते. सर्व जोडण्या बाहेर असतील तर पुढचा प्रश्न रांगेत थांबतो. उसनी देण्यापूर्वी जोडणी जिवंत आहे की नाही हे तपासले जाते, परत आल्यावर ती स्वच्छ केली जाते, आणि ठरावीक आयुष्य संपले की ती बंद करून नवी उघडली जाते. जावा भाषेच्या परिसरात ही सोय नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस प्रमाणित झाली. आज त्या परिसरात बहुधा ‘हिकारीसीपी’ हा संचय वापरला जातो; ‘हिकारी’ या जपानी शब्दाचा अर्थ प्रकाश. पीएचपी भाषेत प्रत्येक विनंतीबरोबर आज्ञावलीचे आयुष्य संपत असल्यामुळे असा संचय सहसा आज्ञावलीत न राहता, तिच्या आणि डेटाबेसच्या मध्ये बसणाऱ्या वेगळ्या मध्यस्थाकडे सोपविला जातो. पोस्टग्रेससाठीचा ‘पीजीबाउन्सर’ हा असाच एक मध्यस्थ.

४. संचय किती मोठा असावा

येथे सामान्य बुद्धी हमखास चुकते. रांग लागते आहे, तर वाटा वाढवाव्यात, असे कोणालाही वाटेल. परंतु डेटाबेसच्या यंत्रात एकाच क्षणी प्रत्यक्ष काम करू शकणारे गाभे मोजके असतात : चार, आठ, सोळा. आठ गाभ्यांच्या यंत्राकडे तीनशे जोडण्यांतून एकदम प्रश्न आले, तर यंत्र एकाचे काम अर्धे टाकून दुसऱ्याकडे वळत राहते. या वळण्याचीही किंमत पडते. शिवाय एकमेकांची कुलपे सुटण्याची वाट पाहण्यात वेळ जातो. कारखान्यात क्रेन दोनच असतील तर लेडलांची संख्या तिप्पट केल्याने पोलाद अधिक ओतले जात नाही. लेडले नुसती तापत उभी राहतात.

रांगांचा हा विचार संगणकाहून जुना आहे. कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनीत काम करणारे गणिती आग्नर क्रारुप एरलांग यांनी, किती ग्राहकांसाठी किती तारा पुरतील, या प्रश्नाचे गणिती विवेचन १९०९ पासून प्रसिद्ध केले. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम त्याहून साधा आहे : एखाद्या व्यवस्थेत सरासरीने जितक्या गोष्टी एका वेळी असतात, ती संख्या म्हणजे त्या येण्याचा वेग आणि प्रत्येकीचा मुक्काम यांचा गुणाकार. सूचीवर सेकंदाला २०० प्रश्न येत असतील आणि प्रत्येक प्रश्न जोडणी ०.०२ सेकंद अडवीत असेल, तर एका वेळी सरासरी केवळ ४ जोडण्या व्यग्र राहतील. हाच मुक्काम ३ सेकंदांवर गेला, तर त्याच वर्दळीला ६०० जोडण्या लागतील. म्हणजे वाचकांची संख्या जितकी महत्त्वाची, तितकाच प्रत्येक प्रश्नाचा मुक्काम महत्त्वाचा. वर्दळ कमी करणे कोणाच्या हाती नसते, आणि साहित्यसूचीच्या बाबतीत ते इष्टही नसते. मुक्काम कमी करणे मात्र हाती असते. योग्य स्तंभांवर अनुक्रमणी असणे, हवी तेवढीच माहिती मागविणे, एका पानासाठी पन्नास लहान प्रश्न न विचारता एकच नेटका प्रश्न विचारणे, हे सारे मुक्काम घटविण्याचे उपाय होत.

पोस्टग्रेसच्या अभ्यासकांमध्ये एक ढोबळ सूत्र प्रचलित आहे : गाभ्यांची दुप्पट अधिक चकत्यांची संख्या. चार गाभे आणि एक चकती असलेल्या यंत्रासाठी हे उत्तर ९ येते. हिकारीसीपीची मूळ मर्यादा १० जोडण्यांची आहे, ती याच विचाराने. ओरॅकल कंपनीच्या कार्यक्षमता-गटाने एका प्रात्यक्षिकात अन्य काहीही न बदलता केवळ संचयाचा आकार घटविला, तेव्हा उत्तराचा वेळ सुमारे १०० सहस्रांश सेकंदांवरून सुमारे २ पर्यंत खाली आला. हे सूत्र म्हणजे अंतिम सत्य नव्हे. ते आरंभबिंदू म्हणून घ्यावे आणि प्रत्यक्ष वर्दळ मोजून आकार ठरवावा. रांग ही नेहमीच दोषाची खूण नसते, एवढे मात्र त्यातून निश्चित होते. सुव्यवस्थित लहान रांग ही गर्दीपेक्षा वेगाने पुढे सरकते.

आणखी एक गोष्ट संस्थांच्या नजरेतून निसटते. संचय हा प्रत्येक आज्ञावलीचा स्वतंत्र असतो. पोस्टग्रेस मूळ मांडणीत एकूण १०० जोडण्या स्वीकारतो आणि त्यांतील ३ व्यवस्थापकासाठी राखून ठेवतो; मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ आहे. वर्दळ वाढली म्हणून संकेतस्थळाचे चार सर्व्हर केले आणि प्रत्येकाला ३० जोडण्यांचा संचय दिला, तर मागणी १२० वर जाते आणि पोस्टग्रेस काही जोडण्या नाकारतो. सर्व्हर वाढविल्यामुळेच संकेतस्थळ बंद पडले, असा विपरीत अनुभव त्यातून येतो.

५. न परतलेल्या जोडण्या आणि दोन जोडण्यांचा पेच

संचयाचा सारा भार परत करण्याच्या शिस्तीवर असतो. आज्ञावलीने जोडणी उसनी घेतली, प्रश्न विचारला, आणि उत्तर हाताळताना मध्येच चूक झाली, उदाहरणार्थ एखाद्या नोंदीत प्रकाशनवर्षाच्या जागी ‘शके १८२२’ असे लिहिलेले निघाले, तर पुढच्या ओळी वगळल्या जातात. जोडणी परत करण्याची आज्ञा त्याच ओळींत असेल तर ती जोडणी कायमची बाहेर राहते. यालाच जोडण्यांची गळती म्हणतात. दहा जोडण्यांच्या संचयात अशा दहा नोंदी उघडल्या गेल्या की संकेतस्थळ निपचित पडते. डेटाबेस मात्र त्या वेळी पूर्ण रिकामा असतो; त्याला कोणी काही विचारीतच नाही. व्यवस्थापक आज्ञावली पुन्हा सुरू करतो, संचय नव्याने भरतो आणि सर्व सुरळीत होते. पुन्हा सुरू केल्याने रोग बरा झाल्यासारखा वाटतो, म्हणूनच तो वर्षानुवर्षे टिकतो. उपाय साधा आहे : परतफेडीची आज्ञा अशा जागी असावी की काम सफल होवो वा विफल, ती पाळलीच जाईल. जावा भाषेने २०११ पासून त्यासाठी खास वाक्यरचना उपलब्ध केली आहे. शिवाय ठरावीक वेळेपेक्षा अधिक काळ बाहेर राहिलेल्या जोडणीची नोंद करण्याची सोयही बहुतेक संचयांत असते. ती सुरू ठेवणे एवढेच करावे लागते.

दुसरा पेच तौलनिक सूचीच्या स्वभावातूनच निर्माण होतो. समजा, एखाद्या द्विभाषिक सूचीत मराठी नोंदींचा विभाग आणि हिंदी नोंदींचा विभाग आहे. शरच्चंद्र मुक्तिबोधांची नोंद उघडली की तिच्यासोबत गजानन माधव मुक्तिबोधांच्या समकालीन नोंदीही दिसाव्यात, अशी योजना आहे. आज्ञावलीकाराने मराठी विभागासाठी एक जोडणी उसनी घेतली आणि ती हातात ठेवूनच हिंदी विभागासाठी दुसरी मागितली. एकटा वाचक असताना हे निर्वेध चालते. परंतु संचयात १० जोडण्या असताना नेमके १० वाचक एकाच क्षणी आले, तर प्रत्येकाच्या हाती एक जोडणी येते आणि प्रत्येक जण दुसरीची वाट पाहतो. दुसरी कोणाकडेच उरलेली नसते. आपली पहिली सोडायला कोणी मोकळा नसतो. ही कोंडी टाळण्यासाठी किमान किती जोडण्या हव्यात याचे गणित आहे. एका वेळचे वाचक गुणिले प्रत्येकाच्या गरजेतून एक वजा केलेली संख्या, अधिक एक. म्हणजे येथे ११. अकरावी जोडणी कोणा एकाला मिळते, त्याचे काम पुरे होते, त्याच्या दोन मोकळ्या होतात आणि कोंडी फुटते.

खरा उपाय मात्र संख्येचा नाही, प्रश्नाच्या रचनेचा आहे. दोन्ही विभागांतील संबंध एकाच प्रश्नात विचारला तर एकच जोडणी पुरते. आधी मराठी नोंद, मग तिच्यावरून हिंदी नोंद, असा क्रम लावणे ही तुलनेची दुबळी रीत होय. भाषांमधील संबंध हाच मूळ प्रश्न असेल, तर डेटाबेसलाही तोच प्रश्न विचारावा. त्यासाठी नोंदींचा आकृतिबंध आखतानाच अनुवाद, रूपांतर, समकालीनता, बंधुत्व अशा संबंधांना स्वतंत्र तक्त्यात स्थान दिलेले असले पाहिजे. हे काम तंत्रज्ञ एकटा करू शकत नाही. कोणता संबंध विचारला जाणार हे त्याला साहित्याभ्यासकानेच सांगावे लागते.

६. परतलेल्या जोडणीवरचे डाग : लिपीचा प्रश्न

उसन्या वस्तूवर आधीच्या माणसाच्या खुणा राहतात. जोडणीवरही त्या राहतात : अपुरा सोडलेला व्यवहार, बदललेली कालगणना, आणि भारतीय भाषांच्या दृष्टीने सर्वांत घातक म्हणजे बदललेले वर्णसंकेतन. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक जोडणीला स्वतःचे वर्णसंकेतन असते. एखाद्या जुन्या भागाने जोडणी उसनी घेऊन तिचे संकेतन लॅटिन-१ केले आणि तशीच परत ठेवली, तर पुढच्या वाचकाला देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात; कारण लॅटिन-१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. दहांपैकी एकच जोडणी अशी डागाळलेली असली, तर दहा वेळा पान उघडल्यावर साधारण एकदाच बिघाड दिसतो. तक्रार खोटी ठरविली जाते आणि तक्रार करणारा विद्यार्थी गोंधळतो. वाचनात हे निदान तात्पुरते असते. त्याच जोडणीतून नवी नोंद लिहिली गेली, तर देवनागरी मजकूर दुहेरी संकेतनात अडकून निरर्थक लॅटिन चिन्हांच्या रूपाने कायमचा साठविला जातो.

मोडी लिपीच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. देवनागरीचे मूळ वर्ण युनिकोडच्या पहिल्या स्तरात असून यूटीएफ-८ मध्ये त्यांतील प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. मोडीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली, सातव्या आवृत्तीत झाला. तिचे वर्ण पहिल्या स्तराबाहेर असल्याने प्रत्येकी चार बाइट घेतात. मायएसक्यूएलमधील ‘यूटीएफ-८’ हे जुने संकेतन तीन बाइटांपलीकडे जात नाही. चार बाइटांचे ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हे संकेतन २०१० मध्ये आले आणि २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून ते मूळ मांडणीचा भाग झाले. त्यापूर्वी बांधलेल्या सूचीत भोसलेकालीन मोडी पत्राची संहिता युनिकोड मोडीत भरायची असेल, तर तक्ता, स्तंभ आणि जोडणी या तिन्ही ठिकाणी हे संकेतन असावे लागते. तिन्हींपैकी एक जरी जुने राहिले, तर डेटाबेस नोंद नाकारतो. आणि कडक तपासणी बंद ठेवलेली असेल, तर पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा मजकूर छाटून उरलेला साठवितो. पाठचिकित्सकाला याहून मोठा अपघात कल्पिता येणार नाही : संहिता गळते आणि गळाल्याची खूणही ठळकपणे राहत नाही. यास्तव संचयातील प्रत्येक जोडणी उघडतानाच संकेतन निश्चित करावे, ते मध्ये बदलण्याची मुभा देऊ नये, आणि परतीच्या वेळी अपुरे व्यवहार रद्द करावेत.

७. रात्र उलटल्यावर

लहान संस्थांच्या संकेतस्थळांवर एक अनुभव वारंवार येतो. सकाळी पहिल्या वाचकाला चूक दाखविणारा संदेश मिळतो. त्याने पुन्हा प्रयत्न केला की पान उघडते. मायएसक्यूएल मूळ मांडणीत २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, निष्क्रिय राहिलेली जोडणी स्वतःच्या बाजूने बंद करतो. रात्री कोणी वाचक नसतो. संचयाला मात्र आपल्याकडील जोडण्या शाबूत आहेत असेच वाटत असते. सकाळी तो त्यांतील एक वाचकाला देतो आणि ती मेलेली निघते. कधी हे काम मधली संरक्षक भिंत, तीही काही मिनिटांत, करून टाकते. जोडणीचे कमाल आयुष्य डेटाबेसच्या मर्यादेहून कमी ठेवले की हा दोष जातो. हिकारीसीपीत ते मूळ मांडणीत ३० मिनिटे असते. लेडलचे अस्तर फुटण्याआधी बदलावे, त्यातलाच हा नियम.

रांगेत किती वेळ थांबावे, हाही असाच निर्णय आहे. मूळ मर्यादा ३० सेकंदांची असते. रिकाम्या पानासमोर इतका वेळ बसणारा वाचक विरळा. तो पान पुन्हा मागवितो, आणि त्याची पहिली विनंती रांगेत तशीच राहून दुसरी तिच्या मागे उभी राहते. वाचकाने सोडून दिलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात डेटाबेस गुंततो. थोड्या सेकंदांत ‘सध्या गर्दी आहे’ असे स्वच्छ मराठीत सांगणे, हे वाचकाला आणि व्यवस्थेला दोघांनाही हिताचे असते.

८. जड वाचक आणि हलके वाचक

आतापर्यंतच्या विवेचनात सर्व प्रश्न सारखे मानले आहेत. प्रत्यक्षात तसे नसते. एखादा संशोधक पन्नास वर्षांच्या नियतकालिकांतून एका शब्दाची सर्व रूपे शोधतो; त्याचा प्रश्न एक जोडणी पाच मिनिटे अडवितो. असे दहा संशोधक मिळून १० जोडण्यांचा संचय पूर्णपणे व्यापतात. त्याच वेळी भिलाईतील एखाद्या विद्यार्थिनीला सप्र्यांच्या एका अनुवादाचे प्रकाशनवर्ष हवे असते. तिचे काम ०.०२ सेकंदाचे, पण तिला रांगेत पाच मिनिटे थांबावे लागते. संशोधकाने काहीही गैर केलेले नाही, विद्यार्थिनीनेही नाही. दोघांना एकाच रांगेत उभे करण्याचा निर्णय मात्र कोणीतरी, बहुधा नकळत, घेतलेला असतो.

या ठिकाणी विकिपीडियाचा अनुभव बोधप्रद आहे. २५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सन यांच्या निधनाची वार्ता पसरताच त्यांच्याविषयीचा लेख असंख्य वाचकांनी एकदम उघडला. लेखात सतत बदल होत असल्याने तयार पानाची साठवलेली प्रत पुनःपुन्हा बाद होत होती आणि प्रत्येक सर्व्हर तेच पान नव्याने घडविण्याच्या कामाला लागत होता. एका लेखापायी सगळ्या विश्वकोशाची गती कोलमडली. त्यानंतर ‘पूलकाउंटर’ नावाची व्यवस्था करण्यात आली : एकच पान घडविण्याचे काम मोजक्याच प्रक्रियांनी करावे, इतरांनी तिच्या उत्तराची वाट पाहावी किंवा वाचकाला आधीची प्रत दाखवावी. ही व्यवस्था काटेकोर अर्थाने जोडणी-संचय नव्हे. पण तत्त्व तेच आहे. एका विषयावरची गर्दी इतर सर्व विषयांच्या वाचकांना उपाशी ठेवणार नाही, याची तजवीज त्यात आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही मीडियाविकी याच आज्ञाप्रणालीवर चालतो.

साहित्यसूचीने यातून घेण्यासारखा धडा सरळ आहे. जड शोधांसाठी एक लहान संचय आणि नोंदी पाहण्यासाठी दुसरा, असे दोन संचय वेगळे ठेवावेत; दोहोंची बेरीज डेटाबेसच्या मर्यादेत असावी. पहिल्या संचयात २ किंवा ३ जोडण्या असल्या तरी चालतात, कारण मोठा शोध घेणारा संशोधक थांबायला तयार असतो. त्याला उत्तर नंतर कळविण्याचीही सोय करता येते. शक्य असल्यास मोठे शोध डेटाबेसच्या प्रतिरूपावर वळवावेत. हस्तलिखिताची प्रतिमा साठ्यातून आणून वाचकापर्यंत पोहोचवीपर्यंत जोडणी अडवून ठेवू नये. प्रतिमेचा पत्ता मिळताच ती परत करावी. उशिरात उशिरा घ्यावी, लवकरात लवकर सोडावी, हा या विषयातील सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित नियम आहे.

९. समारोप

जोडणी-संचयाचे व्यवस्थापन ही वरकरणी आकड्यांची बाब आहे : किती जोडण्या, किती सेकंद, किती मिनिटे. या प्रत्येक आकड्यात मात्र कोणाला थांबवायचे आणि कोणाला पुढे जाऊ द्यायचे, याचा निर्णय दडलेला असतो. आकडा कोणी ठरविला नाही, तर मूळ मांडणीतील आकडा तो निर्णय घेतो, आणि ती मांडणी द्विभाषिक सूची, मोडी कागदपत्रे किंवा चर्चासत्राच्या दिवशीची गर्दी डोळ्यांपुढे ठेवून केलेली नसते.

म्हणून सूचीप्रकल्पाच्या आराखड्यात संपादकीय धोरणाबरोबर चार प्रश्नांची लेखी उत्तरे असावीत. एका वेळी किती वाचक अपेक्षित आहेत आणि त्यांचे नेहमीचे प्रश्न कोणते? सर्वांत जड प्रश्न कोणता आणि त्याची रांग वेगळी आहे काय? प्रत्येक जोडणीचे वर्णसंकेतन कोणते आणि ते कोठे निश्चित केले आहे? जोडण्या संपल्या तर वाचकाला काय दिसेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे साहित्याभ्यासकाकडेच असतात. तिसऱ्याचे उत्तर तंत्रज्ञ देईल, पण ते तपासण्यासाठी मोडीचे एखादे अक्षर लिहून पाहणारा संपादक हवा. चौथ्याचे उत्तर दोघांनी मिळून द्यायचे असते. ग्रंथालय नसलेल्या गावातील वाचकासाठी ही सूची म्हणजेच ग्रंथालय असते, आणि त्याचे दार बंद आढळले तर त्याला जाण्याजोगे दुसरे दार जवळपास नसते.